इंजेरा, कांदा आणि वाचवलेला वेळ : एका फसलेल्या इथिओपियन जेवणाचे प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या एका उपनगरातील इथिओपियन रेस्टॉरंटमध्ये बुधवारी रात्री घेतलेल्या जेवणाचे आहे. नाव देऊन कोणाचा धंदा खाली आणण्यात मला रस नाही. जेवण नेमके कोठे आणि कशामुळे फसले, एवढेच येथे तपशिलाने पाहायचे आहे. जागा स्वच्छ होती, वाढणारा तरुण नम्र होता, ताट वेळेत आले, अन्न खराब नव्हते आणि नंतर कोणाचे पोटही बिघडले नाही. तरीही टेबलावरचे आम्ही चौघेही, चार वेगवेगळ्या कारणांनी, अर्धपोटी उठलो. ढोबळ दोष सापडत नाही आणि तरी जेवण फसते, तेव्हा 'हा शेवटी आवडीनिवडीचा प्रश्न आहे' असे म्हणून ते अपयश सहसा खाणाऱ्याच्या माथी मारले जाते. या प्रकरणात तसे करता येणार नाही, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

वॉशिंग्टन आणि त्याच्या आसपासच्या उपनगरांत इथिओपियन वंशाच्या लोकांची अमेरिकेतील सर्वांत मोठी वस्ती आहे. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी यांना 'देर्ग' या लष्करी गटाने पदच्युत केले, त्यानंतरच्या दडपशाहीत आणि दुष्काळात असंख्य कुटुंबे देशाबाहेर पडली, आणि अमेरिकेच्या १९८० च्या शरणार्थी कायद्यानंतर त्यांतील अनेकांना येथे येण्याची वाट मिळाली. त्यामुळे या भागात इथिओपियन जेवण ही नवलाई राहिलेली नाही. इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी, जाळीदार, मऊ भाकरी, किराणा दुकानांत ताजी पाकिटात मिळते, काही इंजेरा तर थेट अदिस अबाबाहून विमानाने येतो, आणि शेजारच्या गल्लीत हीच पाककृती उत्तम करणारे दुसरे स्वयंपाकघर असण्याची शक्यता बरीच असते. 'परक्या मुलुखात यापेक्षा चांगले कसे मिळणार' ही सबब या शहरात चालत नाही.

आमच्यापैकी एक जण म्हणजे अदिस अबाबात वाढलेली माझी सहकारी. ती इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो या ख्रिस्ती पंथाची असून बुधवार आणि शुक्रवारचा उपवास नेमाने पाळते. दुसरी माझी मावशी, काही दिवसांसाठी माझ्याकडे आलेली आणि पूर्ण शाकाहारी. तिसरा मित्र सीलिॲक आजाराचा रुग्ण आहे. गहू, बार्ली यांतील ग्लूटेन पोटात गेले की त्याच्या आतड्याला इजा होते, त्यामुळे बाहेर जेवणे हे त्याच्यासाठी नेहमीच चौकशीचे काम असते. चौथा मी. उपवासाचे जेवण, शाकाहार आणि ग्लूटेनमुक्त भाकरी या तिन्ही गरजा एकाच ताटावर भागवू शकणाऱ्या पाककृती जगात फार नाहीत, आणि इथिओपियन पाककृती त्यांपैकी एक आहे; म्हणूनच ही निवड झाली होती. निवड योग्यच होती, हे आधीच सांगून टाकतो.

मागणी सहकाऱ्यानेच नोंदवली. तिच्या आणि मावशीच्या वाट्याला 'ये-त्सोम बेयाइनेतु', म्हणजे उपवासाच्या पदार्थांचे मिश्र ताट. माझ्यासाठी कोंबडीचा दोरो वोट. मित्रासाठी परतलेल्या मांसाचे तिब्स आणि त्याबरोबर मेनूवर 'शंभर टक्के टेफ, ग्लूटेनमुक्त' असे लिहिलेला, वेगळे पैसे आकारला जाणारा इंजेरा. शेवटी कॉफी.

इंजेरा

या जेवणात इंजेरा हाच ताट असतो, हाच चमचा असतो आणि पोट भरण्याचे अन्नही हाच असतो. तो फसला की वरच्या सात पदार्थांपैकी एकही पूर्णपणे सावरला जात नाही. म्हणून तपासणीची सुरुवात येथूनच करावी लागते.

आमच्यासमोर आलेला इंजेरा फिकट पांढरा होता. वरच्या बाजूस छिद्रे होती खरी, पण ती विरळ आणि मोठी, काही फुटून पसरलेली. मधले पट्टे तर सपाट आणि चकचकीत होते. चांगल्या इंजेऱ्यावर कडेपासून कडेपर्यंत बारीक 'डोळे' एकसारखे दाटीने उमटलेले असतात आणि रसा त्यांतच मुरतो. येथे मिसिर वोटचा, म्हणजे लाल मसुराच्या कालवणाचा, रसा छिद्रांत न मुरता सपाट पट्ट्यांवरून ओघळून कडेला जमा झाला. तुकडा तोडू गेले की तो आधी रबरासारखा ताणला जाई आणि मग एकदम फाटे. खालची बाजू ओलसर आणि चिकट होती. चवीला आंबटपणा जवळजवळ नव्हता. होती ती जिभेवर मागाहून येणारी किंचित साबणी चव. मावशीने पहिला घास खाल्ला आणि ताटाकडे पाहत म्हणाली, "पीठ आंबलंच नाहीये रे हे. सोडा घातलाय." सहकाऱ्याने हसून मान डोलावली. तिचाही निष्कर्ष तोच होता, फक्त यजमानपणाच्या संकोचाने तिने तो बोलून दाखवला नव्हता.

हा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. टेफ हे इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील धान्य. त्याचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. पीठ पाण्यात कालवून त्यात आधीच्या खेपेचे राखून ठेवलेले 'एर्शो' हे आंबट पिवळसर पाणी विरजणासारखे घालतात आणि मिश्रण साधारण दोन-तीन दिवस आंबू देतात. वर आलेले पाणी काढून टाकतात. मग आंबलेल्या पिठाचा थोडा भाग उकळत्या पाण्यात शिजवून त्याची खळ करतात, तिला 'अब्सित' म्हणतात, आणि ती परत मूळ पिठात मिसळून पीठ पुन्हा फुगू देतात. टेफमध्ये गव्हासारखे ग्लूटेन नसल्याने वायू धरून ठेवणारी जाळी पिठात आपोआप तयार होत नाही, आणि ते काम ही शिजवलेली खळ करते. शेवटी 'मिताद' या मोठ्या गोल तव्यावर पीठ बाहेरून आत गोल फिरवत ओततात, छिद्रे उमटू लागली की झाकण ठेवतात आणि एकाच बाजूने, उलटवल्याशिवाय, वाफेवर शिजवतात. पीठ नीट आंबले आणि अब्सित जमले तर वायू पृष्ठभागभर सारखा निघतो आणि डोळे बारीक पडतात. सोड्याने तोच वायू काही मिनिटांत एकदम सुटतो. त्यामुळे छिद्रे मोठी व तुटक पडतात, आंबवण्याने येणारा आंबटपणा येत नाही आणि सोडा थोडा जास्त झाला की साबणी चव राहते. आमच्या ताटावर दिसत होते ते सगळे या दुसऱ्या वर्णनाशी जुळत होते.

पिठात गहू किंवा बार्ली मिसळलेली होती, हाही तर्क रंग आणि ताण यांवरून सहज करता येतो. त्यात गैर काही नाही. इथिओपियाबाहेर मिश्र पिठाचा इंजेरा सर्रास होतो आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. टेफ महाग पडते. इथिओपियाने २००६ मध्ये टेफच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती पुढे बऱ्याच वर्षांनी केवळ अंशतः सैल केली. अमेरिकेत आयडाहो राज्यात आणि इतरत्र टेफ पिकते, पण गव्हाच्या मैद्याशी किमतीत त्याची बरोबरी होत नाही. खुद्द इथिओपियातही ज्या घरांना टेफ परवडत नाही तेथे इतर धान्ये मिसळली जातात. मिश्र पिठालाही दोन दिवस दिले तर इंजेरा उत्तम होतो. मी तो अनेकदा खाल्ला आहे. तेव्हा आक्षेप मिश्रणावर नाही. आक्षेप दोन आहेत : त्याला आंबू दिले नाही, आणि मिश्रण असताना मेनूवर दुसरेच लिहिले.

हा दुसरा आक्षेप माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर आहे. मित्रासाठी वेगळा आलेला 'शुद्ध टेफ'चा इंजेरा रंगाने गडद होता, पण ताण तसाच होता. त्याने नेहमीच्या सवयीने वाढणाऱ्या तरुणाला विचारले, तेव्हा तो आत जाऊन आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला की यात टेफ जास्त आहे, मात्र 'फुगण्यापुरते' दुसरे पीठ असते, आणि दोन्ही एकाच मितादवर होतात. मित्राने ताट बाजूला सारले. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर 'ग्लूटेनमुक्त' असे छापायचे असेल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्लूटेनची मर्यादा दर दशलक्ष भागांमागे २० भागांहून कमी अशी ठरवली आहे. 'फुगण्यापुरते' घातलेले गव्हाचे पीठ या मर्यादेच्या कितीतरी पट वर जाते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याने न विचारता खाल्ले असते तर हा लेख निराशेचा राहिला नसता, आजारपणाचा झाला असता. त्याला बदली म्हणून साधा भात देण्यात आला. तिब्स मात्र त्याला खरोखर आवडले, आणि या तपशिलाकडे पुढे यायचे आहे.

दोरो वोट आणि उपवासाचे ताट

दोरो वोट हा इथिओपियातील सणाचा पदार्थ. ईस्टर आणि ख्रिसमसला, दीर्घ उपवास सुटताना, तो घरोघरी होतो. कोंबडीचे परंपरेने बारा तुकडे करतात. त्याचा खरा पाया कोंबडी नसून कांदा आहे. भरपूर कांदा अगदी बारीक चिरून कोरड्या पातेल्यात, आधी तेल-तूप न घालता, मंद आचेवर ढवळत राहायचे. त्यातले पाणी आटते, तो विरघळतो, तपकिरी होतो, आणि मगच 'नितेर किब्बे' हे मसाल्याच्या पानांत कढवलेले तूप आणि बेरबेरे मसाला पडतो. बेरबेरेत मिरचीबरोबर कोरारिमा ही इथिओपियन वेलची, मेथी, ओवा, कलौंजी, आले-लसूण असे बरेच काही असते आणि त्यालाही शिजायला वेळ लागतो. कच्चा राहिला तर तिखटपणा घशात टोचतो आणि बाकीचे मसाले झोपलेलेच राहतात. चांगल्या दोरो वोटमध्ये कांदा दिसत नाही, कारण तो रसाच झालेला असतो.

माझ्या वाट्याला आलेल्या रशात कांद्याचे चौकोनी तुकडे स्पष्ट दिसत होते, कडेने लाल तेल सुटले होते आणि रशाला घट्टपणा टोमॅटोच्या पेस्टचा होता. सगळ्यात बोलका पुरावा अंड्याचा निघाला. दोरो वोटमध्ये उकडलेले अंडे चिरा पाडून रशात सोडतात, म्हणजे मसाला आत उतरतो आणि पांढऱ्यावर तांबूस रेषा येतात. मी अंडे वळवून पाहिले, तर खालची बाजू, जेथे ते रशाला टेकले होते तेथे, पुसट लाल होती आणि वरची पांढरीशुभ्र. चिरा नव्हत्या. म्हणजे अंडे वाढतेवेळी वर ठेवलेले होते.

उपवासाच्या ताटातील दोष वेगळ्या जातीचा होता, आणि तो मला एकट्याला कळला नसता. इथिओपियन ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळे वर्ज्य असते. बुधवार-शुक्रवार, ईस्टरपूर्वीचा पंचावन्न दिवसांचा 'हुदादे' आणि इतर उपवास धरले तर वर्षाचा निम्म्याच्या आसपास काळ असा जातो. साहजिकच उपवासाचे स्वयंपाकघर ही त्या पाककृतीची कडेला ठेवलेली सोय नसून तिचा अर्धा भाग आहे. मसूर, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या यांवरचे तिचे प्रभुत्व तेथूनच आले. आमच्या ताटावर लाल मसुराचे मिसिर वोट, वाटाण्याच्या डाळीचे, हळद घातलेले किक अलिचा, हिरव्या पाल्याचे गोमेन, कोबी-गाजर-बटाट्याचे तिकिल गोमेन, टोमॅटोची कोशिंबीर आणि मध्यभागी हरभऱ्याच्या पिठाचे शिरो, अशी रंगीत मांडणी होती.

सहकाऱ्याने शिरोचा एक घास घेतला आणि हात थांबवला. शिरोला नितेर किब्बेचा, त्या पानांत कढवलेल्या तुपाचा, वास होता. एरवीच्या दिवशी शिरोत तूप घालणे चुकीचे नाही, उलट ते फार चविष्ट लागते. पण ताटाचे नावच उपवासाचे होते आणि वार बुधवार होता. विचारल्यावर कळले की शिरो एकाच पातेल्यात सर्वांसाठी होते. तिने पुढे शिरोला आणि त्याच्याशी रसा मिसळलेल्या मिसिरला हात लावला नाही. मावशीला तुपाची अडचण नव्हती, तिची तक्रार साधी होती : मिसिर आणि शिरो या दोन वेगळ्या पदार्थांची चव डोळे मिटून एकच लागते. दोन्हींखाली दोरो वोटमधलाच अर्धवट शिजलेला लाल मसाला होता, त्यामुळे तिचे म्हणणे बरोबरच होते.

याच टप्प्यावर सहकाऱ्याने मावशीला 'गुर्शा' दिला. पाहुण्याला आपल्या हाताने घास भरवण्याची ही रीत. घास मोठा आणि नीट गुंडाळलेला असावा लागतो. गोमेन घालून तिने इंजेरा दुमडला, आणि तो वाटेतच फाटून पाला मावशीच्या ओंजळीत पडला. दोघी हसल्या, प्रसंग निभावला. मी तो येथे नोंदवतो, कारण 'पाहुण्यांना हाताने जेवता येत नाही' हा बचाव त्याने संपतो. आयुष्यभर उजव्या हाताने जेवलेल्या दोन बायकांना तो घास सांभाळता आला नाही.

काय चांगले होते

गोमेन उत्तम होते. पाला कोवळा, लसूण-आले नेमके, तेल बेताचे. तिकिल गोमेनमधील बटाटा मऊ पण अखंड होता. टोमॅटोची कोशिंबीर ताजी होती. तिब्स गरम, हिरव्या मिरचीचा आणि रोझमेरीचा वास असलेले, मांस कडेने खरपूस आणि आत रसाळ होते.

ही यादी आणि फसलेल्या पदार्थांची यादी शेजारी ठेवली की प्रकरणाचा उलगडा होतो. जे जे अर्ध्या तासात, मोठ्या आचेवर, मागणी आल्यावर करता येते ते सगळे चांगले होते. ज्याला दुपारभर किंवा दोन दिवस लागतात ते सगळे फसले होते. आचाऱ्याचा हात कच्चा असता तर गोमेनही बिघडले असते. मसाल्याचा माल निकृष्ट असता तर तिब्समध्येही जाणवले असते. कौशल्य होते, सामग्री होती. ज्या पाककृतीत वेळ हाच मुख्य घटक आहे, तिच्यातून वेळ तेवढा काढून घेतलेला होता.

कॉफीने याला दुजोराच दिला. हिरवे दाणे समोर भाजणे, कुटणे, मातीच्या 'जेबेना'त उकळणे आणि अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्यांत देणे, असा तो सोहळा असतो. तो आठवड्याच्या मधल्या वारी शक्य नाही, असे आम्हांला आधीच सांगण्यात आले होते, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मग कॉफी जेबेनात का आणली? मी तिला बुडाशी हात लावला, तर माती गार होती. आत यंत्रातली कॉफी ओतलेली होती. 'यंत्राची कॉफी आहे' असे सांगून ती कपात दिली असती तर कोणीही नाक मुरडले नसते.

दुसरी स्पष्टीकरणे

तो दिवसच वाईट असेल, हे स्पष्टीकरण मी गंभीरपणे घेतले. आदल्या दिवशीचा इंजेरा वाढला असेल काय? इंजेरा दोन-तीन दिवस चांगला टिकतो आणि शिळा झाल्यावर कोरडा पडतो, चिकट नव्हे; उरलेल्याचे रशात घातलेले 'फिरफिर' होते. त्यामुळे हे जुळत नाही. ग्राहकांना आंबट चव नको असते म्हणून तो मुद्दाम सौम्य केला, हे दुसरे स्पष्टीकरण. या भागात ते पटत नाही, आणि त्या रात्री बाजूच्या दोन टेबलांवर अम्हारिक ही इथिओपियातील भाषा बोलणारी कुटुंबे जेवत होती.

तिसरे स्पष्टीकरण पैशांचे, आणि ते खरे आहे. बिल देताना सहकाऱ्याने मालकीणबाईंशी अम्हारिकमध्ये, आवाज न चढवता, सविस्तर बोलणे केले. त्यांनी सांगितले की इंजेरा करणारी अनुभवी बाई काम सोडून गेली, तिच्या जागी तेवढा हात असलेले माणूस मिळाले नाही, आणि सकाळपासून कांद्यासमोर एक माणूस उभे करणे आताच्या पगारमानात परवडत नाही. हे ऐकून माझा राग बराच निवळला. तरीही हे स्पष्टीकरण फक्त इंजेरा आणि कांद्याचे आहे. 'ग्लूटेनमुक्त' या शब्दाचे ते स्पष्टीकरण नाही, आणि उपवासाच्या शिरोतल्या तुपाचेही नाही. शिरोचे दुसरे लहान पातेले तेलात करायला काही मिनिटेच लागतात.

माझे मत विचाराल तर अशा स्वयंपाकघराने इंजेरा स्वतः करण्याचा हट्ट सोडून तो शेजारच्या बेकरीतून घ्यावा. अनेक रेस्टॉरंटे घेतात आणि त्यात कमीपणा नाही. दोरो वोट रोज ठेवण्याऐवजी शनिवार-रविवारी करावा, तोही संपेपर्यंतच. तिब्स, गोमेन, अलिचा, तेलातले शिरो आणि विकतचा चांगला इंजेरा एवढाच मेनू असता तर आम्ही चौघे समाधानाने उठलो असतो. वीस पदार्थांचा मेनू छापून त्यांतले बारा एकाच लाल मसाल्यावर काढण्यापेक्षा हे स्वस्तही पडते.

मालकीणबाईंनी वेगळ्या इंजेऱ्याचे आणि उपवासाच्या एका ताटाचे पैसे बिलातून कमी केले. आम्ही मागितले नव्हते. पुढे काही आठवड्यांनी सहकारी तेथे दुपारी जाऊन आली. मेनूवरील 'ग्लूटेनमुक्त' या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे आणि इंजेरा आता बाहेरून येतो, असे तिने सांगितले. शिरो अजूनही एकाच पातेल्यातले आहे, त्यामुळे बुधवारी आणि शुक्रवारी ती तेथे जात नाही.